पांढऱ्या रात्रीची साडी

१

पिशवीत पाच वस्तू होत्या. एक पांढरी सुती साडी, काठही पांढराच, पदराला तेवढी एक चंदेरी रेघ. एक पांढरा ब्लाऊज, एकदाही न घातलेला. एक परकर. जहाजाच्या न्हाणीघरातली साबणाची वडी, झिजून पापडासारखी पातळ झालेली. आणि जहाज कंपनीचं एक गुळगुळीत पत्रक.

साडीवर अकरा डाग होते. दहा तांबडे, कडांना पिवळट, एकमेकांत घुसलेले. अकरावा पौर्णिमाला सगळ्यात शेवटी सापडला. नेसताना जो कोपरा कमरेत आत खोचला जातो त्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराएवढा, नीट गोल आणि स्वच्छ पिवळा.

"झालं मोजून?" रागिणीनं विचारलं.

पौर्णिमानं मान हलवली. मोजायची सवय तिला नोकरीनं लावली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती अमरावतीच्या एका माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत लागली होती. रागिणी तिची वहिनी. दोन महिन्यांपूर्वी जहाजाच्या सहलीवरून परतली ती अमरावतीला सासरी आलीच नाही. मुंबईहून येताना अकोल्यालाच उतरली आणि जठारपेठेत माहेरी राहिली. नवऱ्याचा फोन घेत नव्हती.

नवरा म्हणजे विपुल, पौर्णिमाचा मोठा भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा रक्त मशीनवर धुऊन घ्यावं लागे. आईला साखर, वडिलांचं वय झालेलं, पौर्णिमाचा रक्तगट जुळत नव्हता. जुळली ती एकटी रागिणी. नागपूरच्या हॉस्पिटलात तिच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी जरा मोकळं होऊन यावं म्हणून दोन मशीनच्या मधल्या दिवसांत बसवलेली ही मुंबई-गोवा-मुंबई सहल. परत आल्यावर फक्त संमतीची सही उरली होती.

"कोणी केलं ते मला सांग," रागिणी म्हणाली. "तोपर्यंत मी सही करत नाही."

"वहिनी, ही करणीबिरणी तुम्ही खरंच मानता?"

"मी नाही मानत. पण ज्यानं केलं तो मानत असेल ना. ज्या घरातलं माणूस माझं वाईट चिंतून कुंकवाचं पाणी शिंपडतं, त्या घरासाठी मी पोट फाडून घेऊ?"

तिनं सासूचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

२

जहाजावर काय झालं ते रागिणीनं सांगितलं तसं असं होतं.

पाच जण गेले होते. विपुल, रागिणी, सासू गोदाबाई, आणि रागिणीची शाळेतली मैत्रीण माधवी व तिचा नवरा संघपाल. पहिल्या तिघांची एक खोली, माधवी-संघपालची शेजारची. जहाजावर पाऊल ठेवताच प्रत्येकाच्या हाती ते पत्रक पडलं. जेवणाच्या हॉलमध्ये अर्धी पँट, लुंगी, बनियन चालणार नाही. पोहायच्या कपड्यांवर गच्चीबाहेर फिरू नये. रांग मोडू नये. घरचं खाणं हॉलमध्ये आणू नये. समुद्रात काहीही टाकू नये. आणि दुसऱ्या रात्री गच्चीवर 'व्हाइट नाइट', सर्वांनी नखशिखान्त पांढरं घालावं.

माधवीला हे आधीच ठाऊक होतं. ती बौद्ध. विहारात वंदनेला जाताना नेसायच्या पांढऱ्या साड्या तिच्या कपाटात घडीवर घडी असत. तिनं रागिणीसाठी तशीच एक कोरी साडी हौसेनं घेतली आणि जहाजावर पहिल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवली.

गोदाबाईंचा घास हातातच राहिला. "आमच्यात लगन झालेली बाई कोरं पांढरं अंगाले लावत नाई," त्या म्हणाल्या. "पोट्टं बिमार हाये माहं. तुमच्यात चालत असन, बाई."

माधवीचा चेहरा उतरला. तेव्हा विपुल हसला, आजूबाजूच्या टेबलांवरचे वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं.

"आई, कापडाले काय समजते कोण जितं अन् कोण मेलं? नेसन ती. मी सांगतो, नेसन."

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. सकाळी रागिणीनं आरशासमोर साडी अंगावर धरून पाहिली, घडी करून पलंगावर ठेवली आणि माधवी-संघपालबरोबर गोवा पाहायला उतरली. विपुलला चालवत नव्हतं, म्हणून तो जहाजावरच राहिला. गोदाबाईही राहिल्या. संध्याकाळी रागिणीनं घडी उलगडली तर साडी दमट होती आणि आत हे तांबडं पसरलेलं. त्या रात्री सगळं जहाज पांढऱ्या कपड्यांत गच्चीवर नाचत होतं आणि ही खोलीत सामान भरत होती. न्हाणीघरातलं हाताला लागेल ते तिनं पिशवीत कोंबलं. साबणसुद्धा.

"दादा त्या दुपारी कुठं होता?" पौर्णिमानं विचारलं.

"जेवणाच्या हॉलमध्ये. पेपर वाचत बसला होता म्हणे. त्याचा काय संबंध?"

पौर्णिमानं स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणलं. तांबड्या डागाचा एक धागा ओढून बशीत ठेवला आणि त्यावर दोन थेंब पिळले. धागा पिवळा झाला. मग देवघरातलं चिमूटभर कुंकू दुसऱ्या बशीत घेऊन त्यावरही लिंबू पिळलं. कुंकू लालच राहिलं. बाजारच्या कुंकवात आता हळद नसते, रंगच असतो.

"हे कुंकू नाही, वहिनी. हळद आहे. हळदीला साबण लागला की ती अशी तांबडी होते."

रागिणी दोन्ही बशांकडे बघत राहिली. मग तिचा आवाज आणखी थंड झाला.

"सासूबाईंनी हळद आणली होती. डबी भरून."

३

गोदाबाई अमरावतीत राजापेठेतल्या घराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. नांदगाव खंडेश्वरचं शेत नवऱ्यावर, भगवंतरावांवर सोडून त्या मुलापाशी येऊन राहिल्या होत्या. सून घरात नव्हती, म्हणून स्वयंपाकही त्यांच्याकडेच आला होता. अळणी, पाणी मोजून, मुलाला चालेल असा.

पौर्णिमानं हळदीचं विचारलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

हळद नेली होती, त्यांनी सरळ कबूल केलं. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायचा, तर त्याला हळद-कुंकू वाहायला नको? पण कठड्यापाशी डबी उघडताच एक टोपीवाला पोरगा धावत आला आणि समुद्रात काही टाकायचं नाही म्हणून हात जोडायला लागला. त्यांनी डबी खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर कुंकू होतं तसं होतं आणि हळद संपलेली.

"मंग तू कोणाले इचारलं नाई?"

"कोणाले इचारू? म्या म्हटलं जहाजवाल्यायनंच नेली असन. त्यायचा काय भरोसा. माहा चिवडा बी नेला हॉलच्या दारातून." त्यांनी पदराला हात पुसले. "पौर्णिमे, तिले वाटते म्या केलं, होय ना?"

पौर्णिमानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मले ती साडी नव्हती पाहाची तिच्या अंगावर. हे खरं हाये. पण जी बाई माह्या पोराले आपल्या पोटातलं काढून देऊन राहिली, तिच्या कपड्याले मी हात लावीन? ते ठरल्यापासून मी देवापुढे दिवा लावतो तो तिच्या नावानं लावतो. इचार तुह्या बापाले."

दुपारभर त्या जेवणाच्या हॉलमध्येच होत्या. त्यांचं हिरवं नऊवारी लुगडं पाहून दारावरच्या माणसानं उलट वाकून नमस्कार केला होता. गुजरातकडच्या बायकांचा घोळका त्यांच्याभोवती बसला. कासोटा कसा घालतात ते दाखवण्यात आणि फोटो काढून घेण्यात संध्याकाळ झाली.

"दादा होता ना तुझ्यासंगं हॉलमध्ये?"

गोदाबाईंनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "एवढ्या गर्दीत मले काय दिसते. असन कुठं तं."

पौर्णिमा मोरीवर हात धुवायला गेली. बाहेर तारेवर पाट्यावरच्या मसाल्यानं पिवळा झालेला पंचा आईनं उन्हात टाकला होता. नुसताच, साबण न लावता. आई नेहमी तसंच करत आली होती. हळदीचा डाग आधी उन्हाला द्यायचा, मग पाण्याला. पौर्णिमाचे हात नळाखालीच राहिले.

ज्यानं साडीला साबण चोळला त्याला एवढंही माहीत नव्हतं.

४

माधवी रुक्मिणीनगरात राहत असे. तिनं चहा ठेवला आणि आधीच सांगून टाकलं की तिच्यावर संशय असेल तर तिला नवल वाटणार नाही.

"अपमान तर माझा झालाच होता ना. जो रंग नेसून मी बुद्धासमोर बसते, तो तुझ्या आईला अशुभ वाटला. आणि गोव्याहून मी दहा पावलं पुढं जहाजात शिरले. रागिणीच्या खोलीचं दार उघडायचं कार्डही माझ्याच पर्समध्ये होतं. घाल बेड्या."

"मग का नाही केलंत?"

"अगं, साडी माझ्याच पैशाची. आणि हळद मी भाजीत टाकते, कपड्याला लावत नाही. आमच्यात ते नाही."

पौर्णिमानं तिला साडीचा कोपरा दाखवला. आत खोचायचा, गोल पिवळ्या डागाचा. माधवीनं तो नखानं चाचपला.

"हे तर मुद्दाम लावलंय. सांडलेलं नाही."

"हळदीचं बोट. आमच्याकडे नवं कापड कोरं नेसत नाहीत. कोपऱ्याला बोट लावतात, मग ते कोरं राहत नाही. ज्याला वाईट करायचं असतं तो हे करत नाही, ताई. ज्याला वाईट होऊ नये असं वाटतं तो करतो. डबी नंतर सांडली असणार. साबण त्याच्याही नंतर."

"म्हणजे तुझी आईच."

"आईनं हळदीला साबण लावला नसता. तुम्ही लावला असता?"

"मी? आधी उन्हात टाकली असती." माधवी थांबली. "पण मग राहिलं कोण?"

तेवढ्यात संघपाल आतून बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि माधवीला जहाजाची आणखी एक गोष्ट आठवली. पौर्णिमाला हसवावं म्हणूनच तिनं ती काढली. पहिल्या दुपारी हे साहेब फुलाफुलांची बर्मुडा घालून हॉलच्या दारात गेले. दारावरच्यानं इतक्या अदबीनं परत पाठवलं की यांना वाटलं आपला सत्कारच झाला.

"सरकारी नोकरीत एवढी इज्जत कधी भेटली नाही मले," संघपाल म्हणाला. "विपुललेही नाही सोडलं त्यानं. त्याचे तर पाय सुजलेले. फुलपँट चढतच नव्हती. दोन दिवस अर्ध्या पँटवर होता बिचारा. त्याचं जेवण ते लोक खोलीत आणून द्यायचे."

"पहिल्या रात्री तर तो हॉलमध्ये जेवला ना?"

"त्या रात्री माझा पायजमा दिला होता नाडी सैल करून. दुसऱ्या दिवशी तर तोही पिंडरीवर अडकला."

पौर्णिमानं कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी विपुल काय घालून होता, असं तिनं विचारलं. माधवीनं मोबाइलमधला फोटो काढला. गोव्याला उतरताना जिन्यावरून घेतलेला. वर कठड्याशी विपुल हात हलवत उभा होता. अंगात निळा शर्ट, खाली अर्धी पँट, घोट्यापाशी पाय पावासारखे फुगलेले.

त्या कपड्यांत हॉलच्या दारातून आत जाणं शक्यच नव्हतं.

५

मशीनवर माणूस चार तास हलू शकत नाही. पौर्णिमानं म्हणून तीच वेळ निवडली. मग तिला त्याची लाज वाटली.

विपुल डोळे मिटून पडला होता. हाताच्या नळीतून रक्त जात होतं आणि येत होतं. तो ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचा. आता रजेवर होता. पौर्णिमा स्टुलावर बसली आणि फार फिरवून न घेता तिनं त्याला हळद, साबण, कोपरा आणि अर्धी पँट या क्रमानं सगळं सांगितलं.

"हे शोधाले नको होतं तू," शेवटी तो म्हणाला.

"का केलंस?"

"सकाळी तिनं ती साडी अंगावर धरली. आरशात पाहत होती. मी मागं पलंगावर बसून होतो." त्यानं ओठ ओले केले. पाणी मागितलं नाही. मागायची त्याला परवानगी नव्हती. "माह्यामागं ती कशी दिसन, ते मले दिसलं. आईले हसलो होतो ना रात्री, सगळ्यायच्या समोर? ते सारं गेलं. ती उतरल्यावर डबी काढली. म्हटलं एक बोट लावून देतो, आई लावते तसं, आत खोचलं की दिसत नाही. लावलं बी. मंग डबी हातातून सुटली. हात असेच थरथरतेत आता."

उरलेलं त्यानं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. आधी झटकून पाहिलं, मग ओल्या टॉवेलनं पुसलं, तसं ते आणखी पसरलं. शेवटी न्हाणीघरात नेऊन साबण चोळला. वडी संपत आली तरी चोळत राहिला. जितकं चोळावं तितकं लाल. रक्त निघाल्यासारखं. मग पिळली, घडी घातली, डाग आत करून पलंगावर ठेवली आणि गच्चीवर जाऊन बसला.

"ती आली तेव्हा सांगता नसतं आलं?"

"सांगणारच होतो. आईच्या शपथेवर सांगतो. तिनं साडी उघडली, आईवर तुटून पडली. मी तोंड उघडाच्या आत म्हणाली, मी देत नाही किडनी." तो हसला, आणि त्या हसण्यानं मशीनवरचा आकडा हलला. "अन् मले लय हलकं वाटलं, पौर्णिमा. वर्षभरात तसं वाटलं नव्हतं. म्हटलं, आता तिले कोणी कापत नाही. रागानं तं रागानं, पण ती सुटली."

"आणि आई? दोन महिने आई चोरासारखी वावरते घरात."

त्यानं डोळे मिटले.

"नको सांगू तिले," तो म्हणाला. "तिचं वय काय आहे? पुढं सारं पडलं आहे तिचं. माह्यासाठी एक काम कर, नको सांगू."

पौर्णिमानं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. भावानं आयुष्यात तिच्याकडे फार काही मागितलं नव्हतं. लहानपणी मागायची ती, द्यायचा तो. सांगितलं तर रागिणी येईल, आणि त्याला जे नको होतं तेच होईल. नाही सांगितलं तर काय होईल हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं.

मशीन थांबल्यावर ती बडनेऱ्याला जाऊन अकोल्याच्या गाडीत बसली.

६

रागिणीनं सगळं उभ्यानंच ऐकलं. लिंबाच्या बशा तिनं अजून उचलल्या नव्हत्या. एकीतला धागा सुकून कडक झाला होता.

पौर्णिमाला वाटलं होतं ती रडेल, किंवा चिडेल. तिनं फक्त पिशवीतली साडी काढली, कोपरा शोधला आणि त्या गोल पिवळ्या डागावर आपलं बोट ठेवून पाहिलं. तिच्या बोटाहून तो डाग मोठा होता.

"सासूबाईंना मी काय काय बोलले त्या रात्री," ती म्हणाली. "त्या एक शब्द बोलल्या नाहीत."

मग तिनं आईला हाक मारून बॅग मागितली.

अमरावतीला ती संध्याकाळी पोचली. गोदाबाई दारात आल्या तेव्हा ती वाकली. त्यांनी तिला पुरतं वाकू दिलं नाही, दंड धरून आत नेलं आणि ताट वाढलं. विपुल आतल्या खोलीत उशीला टेकून बसला होता. आताशा त्याला आडवं झालं की धाप लागायची. रागिणी त्याच्या पायांशी बसली. दोघं काय बोलले ते पौर्णिमानं ऐकलं नाही. एकच वाक्य दारातून बाहेर आलं, रागिणीचं.

"माझ्या पोटाचं तुम्ही कोण ठरवणारे?"

आठवडा संपायच्या आत ते नागपूरला गेले. रागिणीनं अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे सही केली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनं न अडखळता दिली. कोणी दबाव टाकला का, असं त्यांनी विचारलं तेव्हा, हो, देऊ नको म्हणून टाकला होता, असं ती म्हणाली. समितीतल्या बाई पहिल्यांदाच वर बघून हसल्या.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी विपुलच्या मानेच्या शिरा पाहिल्या, छातीला स्टेथोस्कोप लावला, पायावर अंगठा दाबला. अंगठ्याचा खड्डा भरून यायला वेळ लागला. अंगात पाणी फार साचलंय, ते म्हणाले, आणि दोन महिने हृदय ते ओढत बसलंय. ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी हृदयाची सोनोग्राफी पुन्हा करावी लागेल. सहलीच्या आधी केली तेव्हा पंपिंग अठ्ठेचाळीस टक्के होतं. चाळीस असतं तरी चाललं असतं. पस्तीसच्या खाली गेलं असेल तर भूल देता येत नाही, टेबलावरून माणूस परत येत नाही.

विपुलला आत नेलं. बाहेरच्या बाकावर रागिणी मधे बसली होती. तिच्या एका बाजूला गोदाबाई, दुसऱ्या बाजूला पौर्णिमा. गोदाबाईंनी सुनेचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता.

दार उघडलं. तंत्रज्ञ मुलीनं पौर्णिमाच्या हातात कागद दिला. पौर्णिमानं तो वरपासून वाचला. नाव, वय, उंची, वजन, भिंतींची जाडी, कप्प्यांचं माप. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, हृदयाचं पंपिंग : बावीस टक्के.